एक मिलिमीटर खोल

खोल स्वर ही माणसाची मूळ गरज आहे. वरचे स्वर येतात, टाळ्या घेतात आणि जातात. पण सगळं संगीत ज्यावर उभं असतं तो तळाचा स्वर कुणाच्या लक्षात येत नाही, आणि तो काढून घेतला की सगळं कोसळतं. हे मी बेचाळिसाव्या वर्षी स्वतःला पटवून दिलं आणि त्याच आठवड्यात टेप घेऊन आमच्या इमारतीची लिफ्ट मोजली.

डबल बास म्हणजे व्हायोलिनच्या खानदानातलं थोरलं भावंड. माणसाएवढं उंच, उभं धरून वाजवायचं. लिफ्टमध्ये ते मावत होतं, पण मग मी मावत नव्हतो. हॉलमध्ये ते किंवा सोफा यांपैकी एकच राहू शकत होतं आणि सोफ्याच्या बाजूनं घरात तिघांपैकी दोन मतं होती. म्हणून मी विजेवरचा घ्यायचं ठरवलं. त्याला तारा तेवढ्याच, मान तेवढीच, फक्त पोट नसतं. एक लांब फळी तीन पायांच्या स्टँडवर उभी करायची आणि आवाज वायरीतून घ्यायचा.

कॉलेजच्या ऑर्केस्ट्रात मी चार वर्षं बास गिटार वाजवली होती. कार्यक्रमानंतर लोक येऊन कीबोर्डवाल्याचं अभिनंदन करत. माझा अनुभव तेवढाच.

ऑनलाइन मिळणाऱ्यांतला सगळ्यात स्वस्त बास मागवला. त्याच्या वर्णनात ‘व्यावसायिक दर्जा’ हे शब्द तीन वेळा होते. चाकणच्या एका कंपनीत मी क्वालिटीत आहे. तिथं वीस वर्षं काढल्यावर एवढं कळतं, की दर्जा असतो तिथं तो एकदा लिहिला तरी पुरतो. तरी मागवला. वॉचमननं खाली खोकं उतरवून घेतलं आणि वर फोन केला, “सर, तुमच्या पडद्याचे पाइप आलेत.”

मी खोकं उघडताना वडिलांनी पाहिलं. ते पिंपरीतल्या एका मोठ्या कंपनीच्या टूलरूममध्ये अडतीस वर्षं फिटर होते. मूळचे राजगुरुनगरकडचे, आणि बोलण्यात ते गाव अजून तसंच ठेवलेलं.

“बाकीचं कधी येनार?” त्यांनी विचारलं.

“एवढंच आहे, आप्पा.”

“पेटी न्हाई ह्याला?”

“नाही. वीज लागते.”

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “मागं ती धावायची मशीन आणली, तिच्यावर चादरी वाळत्यात. ह्याच्यावर काय वाळनार?”

बास दाराजवळच्या कोपऱ्यात उभा राहिला, कारण दुसरा कोपरा नव्हता.

स्वस्त वाद्याबरोबर एक यादी येते. ती खोक्यात नसते, आपण करायची असते. पहिल्या महिन्यात मी तारा बदलल्या, कारण मूळच्या तारा सायकलच्या ब्रेकच्या होत्या असा माझा संशय आहे. मग आतून सतत गुणगुण यायची म्हणून वायरींच्या खाचेत तांब्याचा पातळ पत्रा चिकटवला. मग तारा जिच्यावर टेकतात ती प्लॅस्टिकची घोडी काढून लाकडाची बसवली. दर वेळी वाद्य थोडं सुधारायचं आणि पुढचा दोष जास्त स्वच्छ ऐकू यायचा.

शेवटी उरला एकच. बोटं जिच्यावर दाबायची ती काळी पट्टी मधे उंच होती. तीन ठिकाणी तार दाबली की ती पट्टीला घासून खर्र करायची. पुण्यातल्या एका वाद्य दुरुस्त करणाऱ्याला फोन केला. त्यानं फोटो मागवले, पाहिले आणि प्रामाणिकपणे विचारलं, “हे काय आहे?”

आता आप्पांबद्दल थोडं सांगायला हवं.

टूलरूममध्ये त्यांचं काम स्क्रेपिंगचं. लोखंडाचा पृष्ठभाग अगदी सपाट करायचा असेल तर आधीच अचूक सपाट असलेल्या मास्टर पट्टीला निळा रंग लावतात आणि ती कामावर घासतात. जिथं उंच असेल तिथं निळा लागतो. तेवढंच हातानं खरवडायचं, पुन्हा रंग, पुन्हा खरवडायचं. असं शेकडो वेळा. मशीन जिथं थांबतं तिथून पुढचं हे काम आहे आणि ते करणारी माणसं आता फारशी उरलेली नाहीत. त्यांच्याकडे शिकाऊ म्हणून आलेल्या एकाचं आता चाकणजवळ निघोज्यात स्वतःचं वर्कशॉप आहे. मूळचा मराठवाड्याचा, स्वतःची पन्नाशी जवळ आली तरी आप्पांना उस्ताद म्हणतो. दर सोमवारी सकाळी त्याचा फोन यायचा आणि आप्पा स्पीकरवर बोलायचे, कारण फोन कानाला लावणं त्यांना पटत नाही.

“उस्ताद, काय करायलाव?”

“बसलोय.”

“मग हितं येऊन बसा की. चार प्लेटा पडल्यात स्क्रेपिंगच्या. पोरायला हात दाखवा नुसता.”

“बघू.”

आमच्या घरात ‘बघू’चा अर्थ नाही असा होतो. पण इथं खरं कारण वेगळं होतं आणि ते घरातल्या तिघांनाही माहीत होतं. दिवाळीनंतर आप्पांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. ऑपरेशन उत्तम झालं. पण आईच्या सुईत दोरा ओवायचं काम आमच्याकडे आप्पांचं, आणि त्यानंतर एका दिवशी त्यांची सुई तीनदा हुकली. चौथ्यांदा ती आईच्या हातात ठेवून ते म्हणाले, “उजेड न्हाई नीट.” दुपारचे बारा वाजले होते. त्या दिवसापासून त्यांची हत्यारांची पेटी कपाटाखालून बाहेर आली नव्हती. निघोज्याला जायची त्यांची इच्छा होती. तिथं जाऊन हात गेलाय हे जुन्या शिकाऊसमोर कळायची तयारी नव्हती.

पुण्याच्या फोननंतर मी ती पट्टी स्टीलच्या फूटपट्टीनं मोजत बसलो होतो. आप्पा पेपर खाली ठेवून आले, एक डोळा मिटला आणि बासच्या मानेच्या टोकाकडून पट्टीवर नजर टाकली.

“हिथं उंच हाय. आन् हिथं. त्या फूटपट्टीनं काय घंटा कळनार हाय?”

मी फूटपट्टी बाजूला ठेवली. दहा मिनिटांनी कपाटाखालून पेटी ओढल्याचा आवाज आला.

पहिली अडचण अशी, की काळ्या पट्टीवर निळा रंग दिसेना. आप्पांनी विचार केला आणि स्वयंपाकघरातून हळद मागवली. खोबरेल तेलात हळद कालवून मास्टर पट्टीला लावली आणि ती बासवर घासली. तीन पिवळे डाग उमटले.

“लावा हळद,” आई म्हणाली. “अक्षता कधी हाईत तेवढं सांगा.”

त्यानंतर तीन आठवडे रोज सकाळी दहा ते बारा आप्पांनी काम केलं. तारा उतरवून बास डायनिंग टेबलावर आडवा ठेवला होता आणि आम्ही सोफ्यावर जेवत होतो. आडव्या गोलाईसाठी त्यांनी पत्र्याचं गेज कापलं. पॉलिश पेपर मी आणून दिला, तो त्यांनी परत केला. जुन्या कानशीपासून केलेलं त्यांचं स्क्रेपर होतं, त्यानं ते लाकडाची भुकटी काढायचे, हळद लावायचे, पुन्हा काढायचे. मी संध्याकाळी कंपनीतून आलो की डाग मोजायचो. तीनचे नऊ झाले, नऊचे तीस. स्क्रेपिंगमध्ये डाग वाढणं म्हणजे सपाटी वाढणं. शेवटी सगळी पट्टी बारीक पिवळ्या ठिपक्यांनी भरली.

“लाव तुजं फिलर गेज,” आप्पा म्हणाले.

मास्टर पट्टी टेकवून मी खालच्या फटीत गेजची सगळ्यात पातळ पाती घालायला पाहिली. कुठंही जाईना. वीस वर्षांत मी एवढी सरळ वस्तू चाकणमध्ये पाहिली नव्हती आणि ही आमच्या जेवणाच्या टेबलावर होती. आप्पांनी स्क्रेपर दोनदा पुसलं.

रविवारी मी तारा चढवल्या. आप्पा खुर्ची घेऊन समोर बसले. मी पहिली तार छेडली आणि बास खर्र वाजला. दुसरीकडे दाबून पाहिली. खर्र. पूर्वी तो तीन ठिकाणी घासायचा. आता सगळीकडे घासत होता, अतिशय समान.

आप्पा उठले. हत्यारं तेलाच्या फडक्यात गुंडाळली, पेटीत ठेवली, पेटी कपाटाखाली सरकवली.

“डोळा दगा देतो,” एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. फोन वाजला. आप्पांनी तो वाजू दिला.

मी कंपनीत जेवणाच्या सुट्टीत वाचत बसलो, जे मला दीड महिन्यापूर्वी वाचायला हवं होतं. छेडलेली तार सरळ राहत नाही, ती मधे पोट काढून हलते. त्या पोटाला जागा लागते. म्हणून चांगल्या बासची पट्टी लांबीला सरळ नसतेच. मधोमध किंचित खोल ठेवलेली असते. हे प्रत्येक कारागिराला माहीत असतं. आमच्या घरात एक टूलरूमचा माणूस होता आणि एक क्वालिटीचा, आणि वस्तू बरोबर असणं म्हणजे सरळ असणं याबद्दल दोघांच्याही मनात क्षणभर शंका आली नव्हती.

संध्याकाळी घरी आलो. आप्पा टीव्हीसमोर होते, टीव्ही बंद होता.

“आप्पा, काम बरोबर आहे. ड्रॉइंग चुकलं.”

त्यांनी मान वळवली. कारखान्यात काम केलेल्या माणसाला या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

“ड्रॉइंग कुनाचं?”

“माझं.”

“व्हतं का ड्रॉइंग?”

“नव्हतं.”

“बिनड्रॉइंगचं काम दिलंस मला?” आता आवाज चढला होता, आणि गेल्या दोन दिवसांत पहिल्यांदाच. “आन् क्वालिटीत हायेस म्हनं. आरं, आमच्या टायमाला असल्या मानसाला गेटाबाहेर हुभा केला असता!”

“रिजेक्शन माझ्या नावावर टाका.”

“टाकलं. कागद आन.”

मी रीतसर ड्रॉइंग काढलं. दोन्ही टोकं शून्य, मधोमध एक मिलिमीटर खोल, उतार एकसारखा. आप्पांनी चष्मा लावून ते वाचलं, मग पुन्हा वाचलं.

“अडतीस वरसं वाकडं सरळ केलं. आता सरळ केलेलं वाकडं करू व्हय?”

“मोजून.”

“मोजूनच करनार. अंदाजे वाकडं तर त्या कंपनीनंबी केलं व्हतं.”

सपाट करण्यापेक्षा हे अवघड होतं. सपाटीला मास्टर पट्टी असते, खोलीला काही नसतं. आप्पांनी मग पत्र्याच्या पट्टीला हवी तेवढी फुगीर धार घासून स्वतःचा मास्टर केला, त्यालाच पाच दिवस लागले. नंतर पुन्हा हळद. शेवटच्या दिवसांत ते हळदही वापरेनात. डोळे मिटून बोटं पट्टीवरून फिरवायचे, एका जागी थांबायचे आणि तिथं स्क्रेपर हलकेच एकदा ओढायचे. मी मोजलं तेव्हा मधोमध एक मिलिमीटरची पाती गेली, त्याहून पुढची जाईना. टोकांना काहीच जाईना. मी आकडे कागदावर लिहिले. आप्पांनी खाली सही करायला लावली.

तारा चढवल्या. बास वाजला. कुठंही घासला नाही. मी हेडफोन आप्पांच्या कानांना लावला आणि सगळ्यात जाड तार छेडली. ते छताकडे बघत राहिले.

“कसं वाटतंय?”

“लांब कुठंतरी मोठं मशीन चालू हाय. बेअरिंग चांगलं हाय त्याचं.”

त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे संगीताचं एकमेव समीक्षण आहे, आणि बऱ्याच छापील समीक्षणांपेक्षा त्यात माहिती जास्त आहे.

सोमवारी फोन आला. आप्पांनी पहिल्या घंटीला उचलला.

“उस्ताद, काय करायलाव?”

“तुज्याकडं प्लेटा हाईत त्यांचं ड्रॉइंग हाय का?”

“हाय की.”

“सही केलेलं?”

“करून ठिवतो.”

“ठिव. उद्या येतो. आन् त्या प्लेटा रॉकेलनं पुसून घे, कचऱ्यात हात घालनार न्हाई मी.”

आता ते आठवड्यातले चार दिवस बसनं निघोज्याला जातात. सकाळी निघताना डबा विसरतात, हे पहिल्या आठवड्यात दोनदा झालं. मग आईनं उपाय काढला. दाराजवळ उभ्या असलेल्या बासची, तार पिळायची वरची खुंटी बरोबर त्यांच्या हाताच्या उंचीवर येते. डब्याची पिशवी ती रात्रीच तिथं रिकामी अडकवते आणि सकाळी तिच्यात डबा ठेवते.

पिशवी ओढून काढताना खुंटी थोडी फिरते आणि जाड तारेचा सूर उतरतो. पिशवी दुसऱ्या खुंटीला अडकवा असं मी सुचवून पाहिलं. पण तिथं आईची छत्री असते.