आम्ही, आपण आणि चवळीचं पातेलं

“ते पातेलं आधी ओट्यावरून उचला! उचला म्हणते ना! नैवेद्याच्या शेजारी कोणी ठेवू दिलं ते?”

मेधाताई ओरडत होत्या. टोकियोतल्या निशी-कसाईच्या त्या सार्वजनिक हॉलचं स्वयंपाकघर म्हणजे चौघी आत शिरल्या की पाचवीनं श्वास बाहेर जाऊन घ्यावा. आम्ही नऊजणी होतो. गणपतीचा पहिला दिवस. हाताला उकड लागलेली. मेधाताईंचा आवाज असा लागला होता की पलीकडच्या पुलावरून जाणारी तोझाई लाइनची गाडीसुद्धा अर्धा सेकंद थांबली असेल. आणि जपानात गाडी थांबवणं मेधाताईंशिवाय कुणाला जमायचं नाही.

ओट्याजवळ अबेना उभी होती. घानाची, कुमासीची. वृद्धाश्रमात ती म्हाताऱ्यांना आंघोळ घालते, मी तिथंच स्वयंपाकघरात बाइतो करते, म्हणजे अर्धवेळ नोकरी. तिनं पोपटी काठाच्या पातेल्याचं झाकण काढून बाजूला ठेवलं होतं, सगळ्यांना आतलं दिसावं म्हणून. आत चवळी होती. लाल तेलातली चवळी, वर तळलेल्या केळ्याचे काप. कांदा नाही, लसूण नाही. तिनं मला दोनदा विचारून घेतलं होतं. आमच्या घरची चवळीची उसळच, फक्त आफ्रिका फिरून आलेली.

तिनं हसत छातीवर हात ठेवला, मग तो हात आम्हा सगळ्यांवरून फिरवला आणि म्हणाली, “आपाण!”

हा शब्द तिला मी शिकवलेला.

“आपण?” मेधाताई म्हणाल्या. “कोण आपण? ही हबशीण आणि आपण?” मग माझ्याकडे वळल्या. “अहो, तुम्ही हिच्याकडे बघून हसलात आत्ता. तुमची कोण ही?”

आता माझ्या तोंडाची ख्याती सांगते. हे तोंड एका कपभर चहात सात पिढ्यांची वंशावळ रचतं. ते तोंड म्हणालं, “माझी कोणी नाही हो. हॉल झाडायला येत असेल.”

अबेनानं जपानीत विचारलं, “काय म्हणाल्या त्या?”

आणि मी भाषांतर केलं. “गर्दी झालीय म्हणतायत. जागा कमी आहे.”

तिनं बाकीची आठ तोंडं बघितली. मग माझं बघितलं. “सोऊ,” ती म्हणाली. म्हणजे, असं का. आणि गेली. पातेलं तसंच ठेवून गेली.

एकीनं टिश्यूच्या घडीनं त्याचे कान धरले आणि ते मागच्या दाराबाहेर नेऊन ठेवलं. मेधाताईंनी ओटा पुसला. परत पुसला. माझी आठ वर्षांची मुलगी दारात चपलांशी खेळत होती. तिला मराठी सगळं कळतं, बोलते जपानीत. ती माझ्याकडे बघून म्हणाली, “ममा, उसो.”

उसो म्हणजे थाप. आमच्या घरात हा लाडाचा शब्द आहे. मी सांगते की लहानपणी मी वाघाला पाटीनं मारलं, ती ओरडते, उसोऽऽ! आणि आम्ही दोघी हसून लोळतो. त्या दिवशी ती हसली नाही.

मी त्यानंतर दोनशे मोदक केले. बरं, साठ. पण एकाही मोदकाची कळी चुकली नाही. सगळ्या म्हणाल्या, “तंजावरचा हात आहे तुमचा!”

तंजावर ही माझी सगळ्यात मोठी थाप.

लग्नात मला मिळालेलं सगळ्यात मोठं स्त्रीधन म्हणजे नवऱ्याचं आडनाव. शेवटी ‘कर’ असलेलं, गावावरून पडलेलं, कुठल्याही जातीच्या अंगाला बसणारं. तरी बायका विचारतातच. “म्हणजे मूळचे कुठले तुम्ही?” या प्रश्नाला खालून एक चोरकप्पा असतो, ते ज्याला विचारलं जातं त्यालाच कळतं. पहिल्याच हळदीकुंकवाला मेधाताईंनी विचारलं आणि मी एका दमात सांगून टाकलं की आमचे पूर्वज तंजावरच्या राजांच्या मुदपाकखान्यात होते, तीनशे वर्षांपूर्वी गेले, दोन पिढ्यांपूर्वी परत आले. एका दगडात तीन पक्षी. माझा रंग का काळा? तंजावर. आमटीत वेगळा मसाला का? तंजावर. कुळाचार का ठाऊक नाहीत? तंजावर, हो, सगळं विस्कळलं ना तिकडे. सहा वर्षं त्या राजाचं मीठ मी एकटी खात होते.

नवऱ्याला हे आवडायचं नाही, पण तो थांबवायचाही नाही. मेधाताईंचे यजमान त्याच्या प्रोजेक्टचे प्रमुख. “जपान्यांना काय कळतंय आपली जात,” तो म्हणायचा. “आणि आपल्या लोकांना कळायची गरज नाही.”

खरं असं आहे. मी औरंगाबादची. माझी आजी महारवाड्यात जन्मली, आई बौद्धवाड्यात, मी म्युनिसिपालटीच्या दवाखान्यात. पुण्यात कॉलेजला होते तेव्हा एका मैत्रिणीच्या घरी दिवाळीच्या आधी फराळ करायला गेले. तिच्या आईला माझ्या चकल्या इतक्या आवडल्या की त्या म्हणाल्या, “हिला माझ्या भावाच्या मुलासाठीच बघते.” मग लाडानं विचारलं, “आडनाव काय गं तुझं?” मी सांगितलं. त्या उठल्या, सोऱ्या उचलला आणि मी तिथं बसलेली असताना चिंच लावून घासायला लागल्या. पितळ चकाकायला लागलं तरी घासतच होत्या. मी माझ्या हातांकडे बघत बसले. मैत्रीण म्हणाली, “आईला स्वच्छतेचं वेड आहे.”

तेही भाषांतरच होतं. ते मी तेव्हा शिकले आणि वीस वर्षांनी अबेनावर वापरलं.

अबेना दर रविवारी त्याच हॉलच्या वरच्या मजल्यावर एक मंडळी जमवते. घानाचे, नायजेरियाचे, एक सेनेगलचा आचारी, एक जमैकाची नर्स, एक अमेरिकेतली काळी शिक्षिका. खुर्च्या गोल मांडून वाचतात. युरोपातल्या साहेबांनी आफ्रिकेचा नकाशा पट्टीनं कसा कापला. कोणत्या बंदरातून माणसं जहाजात भरली. कोण तुरुंगात गेलं, कोणाला गोळी घातली. त्या शिक्षिकेनं एकदा सांगितलं, तिचं आडनाव तिच्या खापरपणजोबाला विकत घेणाऱ्या माणसाचं आहे. ती ते रोज शाळेच्या फळ्यावर लिहिते. मी आडनाव लपवणारी, खुर्चीत अंग चोरून बसले.

मी जायचे खाण्यासाठी, असं नवऱ्याला सांगायचे. पण त्यांचं ‘आम्ही’ ऐकायला जायचे. त्या ‘आम्ही’त दोन समुद्र मावायचे. सेनेगलच्या आचाऱ्यानं जमैका पाहिलेलं नाही, पण तिथल्या बंडाचं वाचताना तो खुर्चीतून उठून उभा राहायचा.

एका रविवारी मी भाषण केलं. आमच्या दख्खनचा कारभार एका हबशी वजिरानं चालवला, गुलाम म्हणून विकला गेलेल्या माणसानं, आणि आमच्या शहरात जमिनीखालून खापराच्या नळांनी पाणी आणलं. त्याचे घोडे मी चौपट केले, उंची दीडपट केली. सगळे टाळ्या वाजवत उठले. शेवटी मी म्हणाले, मी आफ्रिकेचं पाणी पिऊन वाढले. ती तेवढी थाप नव्हती. त्याच नळांच्या नहरीचं पाणी आमच्या आजीनं भरलं होतं. रांगेत सगळ्यात शेवटी उभं राहून, पण भरलं होतं.

त्या दिवशी अबेनानं विचारलं, “तुमच्या भाषेत ‘वुई’ला काय म्हणतात?”

मी म्हटलं, दोन शब्द आहेत. समोरच्याला वगळून म्हणायचं तर आम्ही. समोरच्याला धरून म्हणायचं तर आपण.

ती खो खो हसली. “दरवाजा शब्दातच बसवलाय की तुम्ही! मग मी कशात?”

“आपण,” मी म्हटलं.

तिनं तो शब्द वहीत लिहिला. ‘आपाण’ असा.

त्याच मंडळीत एकदा तिनं वाचून दाखवलं की मुंबईतल्या काही तरुण पोरांनी अमेरिकेतल्या काळ्या पोरांकडून नाव उचललं, आणि त्या नावानं गावोगावच्या अत्याचारांविरुद्ध उभे राहिले. “तुझ्या राज्यातले! तुला माहीत होतं?”

माझा सख्खा मामा त्या पोरांतला. पोलिसांच्या लाठीनं त्याचं मनगट वाकडं झालं होतं, त्या वाकड्या हातानं त्यानं मला पाटीवर पहिलं अक्षर गिरवायला शिकवलं.

मी म्हटलं, “अच्छा? असं होतं?”

हे सगळं त्या शनिवारी संध्याकाळी माझ्यासमोर येऊन बसलं. मामाचं मनगट, चिंचेनं घासलेला सोऱ्या, वहीतला ‘आपाण’. मी जेवले नाही. मुलीनं विचारलं, जपानीत, “अबेना-सान झाडू मारते का?” मी म्हटलं नाही. “मग ममा तसं का म्हणाली?” मला उत्तर रचता आलं नाही. मला! आणि भीती वाटली ती ही: ही पोर माझ्याकडून थापा शिकेल, हसायच्या नव्हेत, स्वतःला वाचवायच्या. ती उद्या शाळेत कुणाच्या तरी समोर म्हणेल, ही बाई? माझी कोणी नाही.

रविवारी दुपारी खाली विसर्जनाची तयारी, वर अबेनाची मंडळी. मी जिना चढले. चौदा पायऱ्या. चौदाच, जास्त नाहीत. ती एकटीच खुर्च्या मांडत होती.

“काल मी खोटं सांगितलं,” मी म्हटलं. “त्या बाई जागेबद्दल काही म्हणाल्या नव्हत्या.”

“माझं पातेलं खाली आहे,” ती म्हणाली, आणि पुढची खुर्ची उचलली.

मी खाली गेले. मागच्या दाराबाहेर कचऱ्याची रांग लावलेली, जपानी शिस्तीत: जळणारा वेगळा, प्लास्टिक वेगळं, बाटल्या वेगळ्या. न जळणाऱ्या कचऱ्याच्या पारदर्शक पिशवीत पातेलं होतं. चवळी आधी जळणाऱ्या कचऱ्यात ओतली होती. केवढी काळजीपूर्वक वर्गवारी! पातेल्यावर साधा ओरखडा नव्हता.

ते घेऊन मी स्वयंपाकघरात गेले. त्याच सगळ्याजणी. उत्तरपूजेच्या नैवेद्यासाठी दुसरा घाणा वाफेवर होता.

“काय करायलात तुम्ही?” मी म्हटलं. सहा वर्षांत पहिल्यांदा तोंडातून तंजावर गेलं आणि औरंगाबाद आलं. “माणसाचं पातेलं कचऱ्यात टाकायलात?”

मेधाताई हसल्या. “अहो, हळू. कोणाचं ते कळेना, म्हणून—”

“अबेनाचं. माझ्या मैत्रिणीचं. मी काल तिला ओळख दिली नाही. आणि तंजावर वगैरे काही नाही. मी कधी तंजावर पाहिलंसुद्धा नाही. माझी आजी महारवाड्यातली. आम्ही बौद्ध. सहा वर्षं तुमच्या बाप्पाचे मोदक याच हातांनी वळले.”

एकीच्या हातातली पारी फाटली. बाहेर टाळ वाजत होते.

मेधाताईंनी पदर सारखा केला. “अहो, असं काय करता? आम्ही असलं काही मानत नाही.”

आम्ही. शब्द अगदी बरोबर वापरला त्यांनी.

तेवढ्यात मला ते दिसलं. मोदकपात्रावर झाकण होतं ते मोदकपात्राचं नव्हतं. कडेला पोपटी मुलामा, मध्ये लाकडी बोंडी. मोदकपात्राचं झाकण बहुतेक आणायचं राहिलं होतं, आणि ओट्यावर हे पडलेलं चपखल बसलं होतं. कालपासून. हबशिणीच्या पातेल्याचं झाकण, आणि खाली देवाचे मोदक.

मी हसले. असं हसले की वरच्या मजल्यावर ऐकू गेलं, ही थाप नाही. “तेवढं झाकण उचलू नका,” मी म्हटलं. “मोदक कच्चे राहतील.”

सगळ्यांनी एकदम तिकडे बघितलं. हात कोणीच पुढे केला नाही.

मी पातेलं कडेवर घेऊन बाहेर पडले. खिशात फोन थरथरायला लागला होता, नवऱ्याचा असणार. त्याला आज सांगावं लागेल, आणि तो आधी प्रोजेक्टचंच बोलेल. बोलू दे. मुलगी जिन्यात बसली होती. मी तिला म्हटलं, चल वर, तुला तुझ्या मामाआजोबांची गोष्ट सांगायची आहे, आणि ती मी वाढवून सांगणार नाही. यापुढे मला कोणी विचारलं मूळचे कुठले, तर मी गाव सांगीन, वाडा सांगीन, जात सांगीन, विचारणाऱ्याची मान खाली जाईपर्यंत सांगीन. आणि अबेनाला कोणी विचारलं ही तुमची कोण, तर उत्तर मी देईन, तिच्यासमोर, तिला कळेल अशा भाषेत.

वर सगळे जमले होते. मी मध्ये उभी राहून सांगितलं. हबशीण हा शब्दही सांगितला, त्याचा अर्थही, मी काय म्हणाले तेही. मामाचं नावही सांगितलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मग मी पातेलं अबेनासमोर ठेवलं.

तिनं ते फिरवून बघितलं, आत बघितलं, तळ बघितला.

“आणि झाकण?” ती म्हणाली.