बसा डॉक्टर

सुई टोचून उभ्याउभ्या निघून जाणारे डॉक्टर आमच्या वडनेर गावाने पुष्कळ पाहिले होते. सत्तरच्या दशकात वर्ध्याहून एसटीने येणारे हे डॉक्टर मात्र बॅग उघडण्याआधी "पह्यले समदे बसा" म्हणायचे आणि स्वतःही चटईवर मांडी घालायचे. गावाने त्यांचं नावच 'बसा डॉक्टर' ठेवलं.

म्हातारपणी माझ्या मायची स्मृती पार पुसून गेली होती. भेटायला येणारा जो तो तिच्या तोंडाशी वाकून विचारायचा, "मले ओळखलं का?" डॉक्टरांनी आमच्या घरात या प्रश्नावर बंदी घातली. "परीक्षा काऊन घेता तिची? आपलं नाव सांगा अन् हात धरून बसा," असं ते माझ्या चुलतीला म्हणाले. चुलती आठवडाभर फुगून होती.

पुढे माय घास गिळायचंही विसरली. तिला शहरात नेऊन नाकातून नळी घालायची, असं दादाने ठरवलं. डॉक्टरांनी पुन्हा सगळ्यांना बसवलं.

"नळीनं उमर नाई वाढत, तरास वाढते. ओढून काढू नाई म्हणून मंग हात बांधा लागते. तुमची माय उपाशी हाये म्हणून चालली नाई. जायाची येळ आली, म्हणून भूक गेली तिची."

"तुमच्या घरचं कोणी असतं तर?" दादाने विचारलं.

"हेच केलं असतं."

त्या एका शब्दावर आम्ही नळीचा विचार सोडला. घरच्या कापसाचा बोळा पाण्यात बुडवून मी मायचे ओठ ओले करत राहिले. माय शांतपणे गेली. तेरवीच्या पंगतीत चुलती बोललीच, "पोरीनं मायले उपाशी मारलं." मी ऐकून घेतलं. डॉक्टर खोटं सांगणार नाहीत, याची मला खात्री होती.

काही वर्षांनी कानावर आलं, डॉक्टरांच्या बायकोला, डॉक्टरीणबाईंनाही तोच आजार झाला. मी वर्ध्याला भेटायला गेले. बाईंच्या नाकात नळी होती. दोन्ही हात लुगड्याच्या चिंध्यांनी खाटेला बांधलेले. आणि डॉक्टर त्यांच्या तोंडाशी वाकून विचारत होते, "मले ओळखलं का?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मंग माह्या मायच्या येळी?"

"तवा सांगतलं ते खरंच होतं, बाई. मलेच जमून नाई राह्यलं."

म्हणजे ते खरं फक्त आमच्या घरापुरतं होतं. चुलतीचे शब्द मी ज्यांच्या भरवशावर सोसले, त्यांनीच मला उघड्यावर टाकलं. हा राग अजून गेलेला नाही.

"बस," ते म्हणाले.

मी बसले नाही. बाईंचा बांधलेला हात धरला, त्यांना माझं नाव सांगितलं आणि उभ्याउभ्याच निघाले.