पुढच्या ब्रेकचे दोन बोल्ट

हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही. बायकोलासुद्धा नाही. मध्ये एकदा ओझरला गेलो होतो, वाटलं निदान गणपतीला तरी सांगून टाकावं. पण नमस्कार केला, प्रसाद घेतला आणि आलो. त्याला ठाऊकच असणार, मग कशाला बोला? — असं स्वतःला समजावत आलो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असाल तर — असू दे. आता तोंड उघडलंय.

मी गुरांचा डॉक्टर. जुन्नरच्या अलीकडे घर, आणि कामाचा पसारा असा विचित्र की काही विचारू नका. निम्मी गिऱ्हाइकं सपाटीला — आळे, नारायणगाव, इकडे मंचरपर्यंत. जर्सी गाया, डांबरी रस्ते, गोठ्यात पंखे. उरलेली निम्मी पश्चिमेला डोंगरात — इंगळून, आंबे, हातवीज. तिथं डांगी गाया, भाताची खाचरं, आणि वाडीपर्यंतचा रस्ता म्हणजे पाण्यानं पाडलेली घळ. एकच माणूस, एकच गाडी आणि दोन जगं. साधी मोटारसायकल डोंगरात रुतायची. डोंगरातली उंच गाडी घेतली तर सपाटीच्या वळणावर ती लांबलचक शिडीसारखी डुलायची.

यावर तोड काढली ती सोपाननं.

सोपान म्हणजे आमचा मेकॅनिक. तेव्हा असेल अठ्ठावीस-तीसचा. आपटाळ्याच्या रस्त्याला पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं गॅरेज होतं. बोलायला कमी, पण गाडीला कान लावून ऐकायचा — मी गाईच्या पोटाला लावतो तसा. तो म्हणाला, "डाक्टर, एकाच गाडीला दोन जोड चाकं ठिवू. लई भारी काम हुईल बघा."

मग मला कळलं की याला सुपरमोटो म्हणतात. गाडी मातीतलीच — उंच, हलकी, लांब दांड्यांची — पण तिला चाकं लहान आणि रुंद, गुळगुळीत टायरची. डांबरावर वळणात अशी झुकते की पोटात गुदगुल्या होतात. आणि डोंगरात जायचं असलं की ती चाकं काढायची आणि मोठी, बटण टायरची चाकं चढवायची. मागचं स्प्रॉकेट — चेनचं दातेरी चक्र — बदलायचं, म्हणजे चढाला ओढ येते. हवा कमी ठेवायची.

ते दिवस काय मजेचे होते! मी बावन्न वर्षांचा माणूस, रोज संध्याकाळी गॅरेजात जाऊन बसायचो. माझी उंची बेताची, गाडीची सीट माझ्या छातीला. सोपाननं बायकोच्या शिलाईच्या डब्यातली टेप आणली, मला रेतनाच्या कांड्या ठेवायच्या नायट्रोजनच्या कॅनसकट गाडीवर बसवलं आणि मागचा शॉक — धक्के झेलणारी स्प्रिंग — किती दबतो ते मोजलं. "श्वास सोडा डाक्टर, पोट धरून बसू नका, माप चुकंल," म्हणाला. शेडमधले सगळे हसले. मीही हसलो. डोंगरासाठी शॉक मऊ आणि रस्त्यासाठी कडक — किती खटके फिरवायचे ते त्यानं पत्र्यावर खडूनं लिहून ठेवलं. दीड महिना खपला बिचारा. आणि गाडी झाली ती अशी, की कॉलेजची पोरं थांबून बघायची.

त्यानं मला एकच गोष्ट बजावली होती. रस्त्याच्या चाकाची ब्रेकची डिस्क मोठी, डोंगरातल्या चाकाची लहान. म्हणून चाक बदलताना दर वेळी कॅलिपर — डिस्कला चिमट्यात धरतो तो भाग — सोडवून वेगळ्या पट्टीवर बसवावा लागतो. दोन बोल्ट. "चाकाला हात तुमी लावायचा न्हाई," तो म्हणाला. "ते काम माझं."

मी शब्द दिला. दिला होता, हे ध्यानात ठेवा.

ठरलेलं असं होतं — सोमवार-मंगळवार डोंगर, बाकीचे दिवस सपाटी. शनिवारी संध्याकाळी सोपान बटण टायरची चाकं चढवायचा, बुधवारी सकाळी उतरवायचा. रविवारी गॅरेज बंद. पावसाळा निम्मा सरला होता. त्या शनिवारीही त्यानं चाकं चढवली. मी समोर उलट्या बादलीवर बसून चहा पीत होतो. त्यानं बोल्टांना पाना लावला, कट्ट असा आवाज झाला, दोनदा. मी ते पाहिलं. हेही ध्यानात ठेवा.

रविवारी उघडीप होती. बायको माहेरी मंचरला गेलेली. दुपारी जेवून बसलो, आणि डोक्यात आणे घाट आला. कोरडा रस्ता, एकापाठोपाठ वळणं — आणि गाडीला डोंगरातली चाकं! लहान पोराला नवीन कपडे घालून घरात कोंडावं तसं झालं मला. रस्त्याचा जोड घरच्या गोठ्यात टांगलेला. पाने घरात होतेच. सोपानला शंभरदा बघितलं होतं, त्यात काय एवढं?

बदलली चाकं. दोन तास लागले, बोटं सोलली, पण बदलली. आळेफाट्यावरून निघून आणे घाट दोनदा चढलो, दोनदा उतरलो. खरं सांगू? आयुष्यात इतका आनंद मला फार थोड्या वेळा झालाय. हेल्मेटच्या आत मी मोठमोठ्यानं ओरडत होतो. फाट्यावर मिसळ खाल्ली. ओळखीचं कुणी भेटलं नाही, आणि भेटलं असतं तरी गाडीची चाकं कोण बघतं?

सोमवारी पहाटे उठून परत डोंगरातली चाकं चढवायला बसलो. सोपानला कळायला नको, हा एकच विचार. मागचं चाक नीट बसवलं, चेन सरळ केली. पुढचं चाक घातलं, कॅलिपर पट्टीवर धरला आणि दोन्ही बोल्ट हातानं फिरवून बसवले. नुसते हातानं. आता पाना लावणार — तेवढ्यात फोन वाजला. हातवीजचे धोंडूबाबा. गाय अडली होती, वासराचा एकच पाय बाहेर आलेला. मी उठलो, हात पुसले, बॅग बांधली, किक मारली.

पाना गोठ्याच्या पायरीवर राहिला.

गाय सुटली, वासरूही जगलं. तपकिरी, ओलं, उभं राहताना चारदा पडणारं. धोंडूबाबांच्या घरच्यांनी नाचणीची भाकरी आणि ठेचा वाढला. मी अगदी खुशीत परत निघालो. उतारावर तिसऱ्या वळणाला ब्रेक दाबला, खडखड झालं, कॅलिपर निसटून चाकाच्या तारांत गेला, आणि मी हँडलवरून उडून भाताच्या खाचरात. चिखल मऊ होता. बांध मऊ नव्हता. डावा पाय नडगीत मोडला.

चिखलात पडल्या पडल्या मला पहिलं काय दिसलं असेल? गोठ्याची पायरी. आणि तिच्यावरचा पाना.

धोंडूबाबांच्या लेकानं फोन केला, आणि पिकअप घेऊन सोपानच आला. मला उचलायच्या आधी त्याची नजर गाडीवर गेली. खाली बसला. कॅलिपरला हात लावला. एक बोल्ट नव्हता, दुसरा वाकून लोंबत होता. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं. म्हणाला, "डाक्टर, माझ्या हातनं झालं ह्ये."

मी काही बोललो नाही. पाय भयंकर दुखत होता, हे खरं. पण दुखत पाय होता — तोंड नव्हतं दुखत.

नंतर सांगू, असं ठरवलं. दवाखान्यात बायको आली, ती सोपानला वाट्टेल ते बोलली, तो खाली मान घालून उभा. तेव्हाही नाही सांगितलं. मग तो रोज यायला लागला. त्याच्या बायकोनं दिलेला डबा घेऊन — कधी कोंबडीचा रस्सा, कधी तांदळाची भाकरी आणि सुकट. मी खायचो. आवडीनं खायचो! पायाला प्लास्टर असताना तो मला स्वतःच्या गाडीवर मागं बसवून गोठ्या-गोठ्यात हिंडवायचा, कुबड्या माझ्या एका हातात. आणि प्रत्येक गोठ्यात, कुणी न विचारता, स्वतःच सांगायचा, की माझ्या चुकीमुळं डाक्टरांचा पाय मोडला. असं कोण सांगतं, राव? तो सांगायचा.

परिणाम व्हायचा तो झाला. गॅरेजात गाड्या येईनाशा झाल्या. दोनेक महिन्यांनी त्यानं शेडला कुलूप लावलं आणि नारायणगावला टोमॅटोचे क्रेट उचलायला जाऊ लागला. ते बोटांनी इंजिन ओळखणारे हात.

इथपर्यंत मी फक्त गप्प होतो. गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असं स्वतःला सांगायची सोय होती. पण तीही गेली. एके दिवशी दुपारी तो माझ्या ओट्यावर बसला होता. म्हणाला, "डाक्टर, त्या शनवारी तुमी तिथंच व्हता ना? मला सारखं आठवतं, मी पाना लावला व्हता. आवाज बी आठवतो. खरं सांगा, लावला व्हता का वो मी?"

तो सुटका मागत होता. आणि ती माझ्याकडे होती, सगळीच्या सगळी. एक शब्द — लावला होतास. मी त्याच्याकडे बघितलं आणि म्हणालो, "माझं लक्ष नव्हतं बुवा. मला काही आठवत नाही."

हीच ती गोष्ट. बोल्ट नाही, ब्रेक नाही — हे वाक्य. बोल्ट राहिला तो घाईत. हे वाक्य बोलताना मला काही घाई नव्हती.

तो मान हलवून उठला. "मग मलाच भास झाला आसंल," म्हणाला.

त्यानंतर मी काय केलं? चांगुलपणा केला. प्लास्टर निघाल्यावर चारचौघांत जाहीर केलं की माझी गाडी सोपानशिवाय कुणाच्या हातात देणार नाही. त्याला हाताला धरून गॅरेज उघडायला लावलं. लोक म्हणाले, डाक्टराचं काळीज केवढं मोठं! ज्यानं पाय मोडला त्यालाच परत उभा केला. हे ऐकून मी मान खाली घालायचो, तर लोकांना ती नम्रता वाटायची.

आणि सोपान? त्याचा स्वतःच्या आठवणीवर विश्वास राहिला नव्हता. म्हणून त्यानं नवीन रीत काढली. प्रत्येक बोल्ट आवळला की त्यावर पिवळ्या रंगाची रेघ ओढायची, आणि शेवटचा हिसका गिऱ्हाइकाच्या हातानं द्यायचा. "तुमीच वढा, पावणं. तुमच्या हाताला कळू द्या." सुरुवातीला लोक हसले. मग त्याचीच ख्याती झाली. आता पुण्याहून पोरं येतात, दोन-दोन जोड चाकं घेऊन. शनिवारी तर रांग लागते. मातीतली गाडी रस्त्यावर आणायची असेल, रस्त्यावरची मातीत न्यायची असेल, तर सोपानशेठ — शेठ म्हणतात त्याला! त्या पिवळ्या रेघांचे फोटो काढतात. मला बघून आनंद होतो, अगदी मनापासून होतो. आणि मग आठवतं की ती प्रत्येक रेघ माझ्या खोटेपणातून आलीये. यात मी आनंद कशाचा मानू?

कधीकधी मनात येतं, बघा, शेवटी झालं ते चांगलंच झालं की त्याचं. हे मनात येतं तेव्हा मला माझाच जास्त राग येतो. कारण ते चांगलं त्यानं केलंय.

यंदा दसऱ्याला त्याच्या नवीन शेडचं उद्घाटन झालं. सिमेंटचा कोबा, गाडी उचलायची दोन यंत्रं, झेंडूची तोरणं. नारळ फोडायला मला बोलावलं. शंभरेक माणूस असेल. सोपाननं माइक हातात घेतला — न बोलणारा माणूस — आणि सगळी गोष्ट सांगितली. शनिवार, बोल्ट, खाचर, माझा पाय. डोळे पुसत म्हणाला, "त्या येळंला डाक्टरांनी एका शब्दानं बोल लावला न्हाई मला. आजपातूर न्हाई लावला."

टाळ्या झाल्या. माझ्या खांद्यावर शाल टाकली. माइक माझ्याकडे आला. हीच वेळ होती, नाही का? मी म्हणालो, "चूक माणसाकडूनच होते. ती मनात ठेवायची नसते."

आणखी जोरात टाळ्या झाल्या. सोपान पुढे आला, भरल्या डोळ्यांनी वाकला आणि त्यानं माझ्या पायांना हात लावला.

मी पाय मागे घेतले नाहीत.