मंगळवारचा पाव तास

अक्कम्मा चिलवेरीला आयुष्यात कुणी गप्प बसवू शकलं नव्हतं. चाळीस वर्षं तिनं विड्या वळल्या, पण हातापेक्षा जीभच जास्त चालायची. नवरा दमला, सून कंटाळली. शेवटी मुलानं, दिपकनं, तिला पंधरा दिवसांसाठी म्हणून मोहोळ रस्त्यावरच्या वृद्धाश्रमात सोडलं आणि भिवंडी गाठली. त्या पंधरा दिवसांना आता तीन वर्षं झाली.

तिथं मात्र तिनं बोलणंच टाकलं. जेवणही नावापुरतं. मग एका संस्थेची रेश्मा यायला लागली, सोबत ब्रूनो नावाचा थोराड पिवळा कुत्रा. जी माणसं बोलत नाहीत, त्यांच्यापाशी ब्रूनोनं मंगळवारी पाव तास बसायचं, असा तिचा नेम. पहिल्याच दिवशी त्यानं अक्कम्माच्या मांडीवर मुंडकं टेकलं. तिची बोटं त्याच्या कानामागं गेली आणि म्हातारी तेलुगूत सुरू झाली ती थांबेचना. दोन महिन्यांत ती मराठीतही बोलू लागली, पोटभर जेवून वर आमटीला नावं ठेवू लागली.

"आजी, तुम्ही आता बऱ्या झालात," रेश्मा म्हणाली. "आता ब्रूनो विठाबाईंकडं. त्या अजून बोलत नाहीत."

"मी कुटं बरी झाले? त्येला हितंच बसू दे की."

"असं कसं, आजी? इतरांनाही मिळायला नको का?"

शेजारच्या कॉटवरची विठाबाई कुत्र्याला इतकी भ्यायची, की पाय पोटाशी घेऊन डोळे मिटायची. अक्कम्माला ते बघत बसावं लागलं. रेश्मा वाईट नव्हती. वाईट असती तर निदान तिच्याशी भांडता तरी आलं असतं.

कुत्रा मुक्यालाच मिळतो, हे म्हातारीच्या ध्यानात आलं. दुसऱ्या दिवसापासून तिनं तोंड शिवलं. सहाव्या मंगळवारी दिपकचा फोन आला, आठ महिन्यांत पहिल्यांदाच. रेश्मानंच तो तिच्या कानाला धरला.

"अम्मा, मी हाय. बोल की गं."

रेश्मा समोर उभी होती. अक्कम्मानं पदर दातात धरला.

"वळखत न्हाय वाटतं आता," दिपक पलीकडं कुणाला तरी म्हणाला आणि सुटल्यासारखा फोन ठेवला. अक्कम्मा रात्रभर रडली, तेसुद्धा आवाज न करता.

पुढच्या मंगळवारी तिचं नाव पुन्हा रेश्माच्या न बोलणाऱ्यांच्या यादीत होतं. ब्रूनो दारातून आत आला आणि सवयीनं विठाबाईच्या कॉटकडं वळला. अक्कम्माला धीर धरवला नाही.

"रा, बिड्डा!" तिनं लेकराला मारावी तशी हाक मारली. ये रे बाळा.

रेश्माच्या डोळ्यांत पाणीच आलं. "आजी बोलल्या!" सगळ्या खोलीनं टाळ्या वाजवल्या. मग तिनं यादीतल्या नावावर काट मारली आणि ब्रूनोची साखळी ओढली. "चल राजा. खाली धोंडीरामआजोबा अजून गप्पच आहेत."

अक्कम्मानं तेलुगूत शिव्यांची लाखोली वाहिली. रेश्माची, संस्थेची, दिपकची सात कुळं काढली. कुणालाच काही कळलं नाही, म्हणून टाळ्या वाजतच राहिल्या. ती दमून थांबली, तोवर ब्रूनो खाली धोंडीरामच्या पायाशी जाऊन बसला होता.