खोबरेल प्यायलेली सायकल

गोवा राज्य झालं त्या वर्षी मला पेडण्याच्या एका शाळेत तात्पुरती नोकरी लागली. कोरगावहून पहिली बस घंटा झाल्यावर पोचायची, म्हणून बाबांची सायकल काढली. पोर्तुगीज अमदानीतली, बाबांच्या लेखी घरातलं थोरलं लेकरू! दर रविवारी डोक्याला खोबरेल चोळून झालं की उरलेलं ते सायकलला पाजायचे.

चढणीवर पाय मारला की चेन घसरायची. मिस्त्रीने ती बदलली, तरी घसरतेच. "जुन्या दातांक नवी चेन मानवता काय गो?" म्हणत त्याने पुढचं चेनव्हील आणि मागचं फ्रीव्हील, दोन्ही नवी बसवली. जुने तुकडे बाबांनी फडक्यात बांधून घरी आणले. वेडेपणा, दुसरं काय!

डिसेंबर उजाडला आणि नवीच कटकट. सकाळी पॅडल मारावं तर पाय नुसते गरगर फिरत, चाक ढिम्म हलेना! दोनदा सायकल ढकलत शाळेत पोचले. हेडमास्तर म्हणाले, "बाई, आणखी एकदा उशीर झाला तर मी दुसरी शिक्षिका बघतो." दुपारी मिस्त्रीकडे न्यावी तर सायकल शहाण्यासारखी पळे. तो माझ्याकडेच बघून हसायचा. असा संताप यायचा म्हणून सांगू!

तिसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा मी सायकल अंगणात टाकली आणि रडायलाच लागले. आई खोबरेलाची बाटली चुलीपाशी ठेवायला निघाली होती. थंडीनं तेल तुपासारखं थिजलेलं. मी बाटलीकडे बघितलं, मग बाबांकडे.

"बाबा, नव्या फ्रीव्हीललाही हेच पाजलंत?"

"तर! नवा म्हणान काय उपाशी ठेवूचा?" म्हणता म्हणता त्यांचा चेहरा उतरला. फ्रीव्हीलमधल्या चाकाला पकडणाऱ्या खिट्ट्या रात्रभर थिजलेल्या तेलात रुतून बसत आणि ऊन चढलं की सुटत.

बाबांनी न्हाणीतलं कढत पाणी आणून फ्रीव्हीलवर तांब्यामागून तांब्या ओतलं. मी पॅडल मारलं. कट्! चाकानं पकडलं.

"धाव गे बाये!" बाबा ओरडले.

शाळेच्या फाटकात शिरले तेव्हा शिपाई घंटेसाठी हातोडा उचलत होता. नोकरी वाचली.

संध्याकाळी घरी आले तर बाबा फ्रीव्हील रॉकेलनं धुऊन त्यात मशीनचं तेल सोडत होते. वर न बघता म्हणाले, "मायेन करूक गेलंय, नि तुझ्याच वाटेत इलंय."

सकाळचा राग कुठल्या कुठे गेला. मी चुलीपाशची बाटली आणली, त्यांच्या मागे बसले आणि सगळं खोबरेल त्यांच्या डोक्यावर चोळलं.