नऊ फुलांची सरासरी

आमच्या कॉलेजात डेटा अ‍ॅनालिसिस शिकायचं तर आधी चपला काढाव्या लागायच्या. लॅबच्या दाराबाहेर साठ जोड पडलेले असत. आत तीस कॉम्प्युटर होते आणि प्रत्येकाला मापाचं शिवलेलं कापडी आवरण होतं. पहिल्या कॉम्प्युटरवर उद्घाटनाच्या दिवशी काढलेलं कुंकवाचं स्वस्तिक तसंच होतं. ते पुसायची कुणाची हिंमत झाली नाही आणि तो कॉम्प्युटर सुरू करायची कुणाला गरज पडली नाही. तिसातले अकरा चालत. म्हणजे एकापुढे पाच-सहा जण. पुढचा टाइप करायचा, मागचे त्याच्या खांद्यावरून पडदा बघायचे आणि सगळ्यात मागची मी पुढच्यांच्या माना बघायचे.

आधी ऐच्छिक असलेला हा कोर्स नव्या धोरणात दुसऱ्या वर्षाला सक्तीचा झाला होता. 'डेटा विश्लेषणाची सॉफ्टवेअर साधने: परिचय' हे नाव मी वहीवर तीनदा लिहून पाहिलं, इतकं मला ते आवडलं होतं. साक्रीच्या पुढच्या एका गावाहून मी रोज एसटीने धुळ्याला यायचे. घरात कॉलेजला जाणारी पहिलीच, त्यामुळे फळ्यावरचं, नोटीस बोर्डावरचं, अगदी लॅबच्या दारावरचं 'येथे शांतता राखा'सुद्धा मी मनापासून पाळायचे.

शिकवणारे सर तासिका तत्त्वावरचे. पदार्थविज्ञान शिकलेले आणि हा विषय त्यांच्या गळ्यात पडलेला. काही वर्षांपूर्वी उन्हाळ्यात पाच दिवसांचं ऑनलाइन प्रशिक्षण झालं आणि त्याचं प्रमाणपत्र त्यांनी कपाटाच्या काचेला आतून चिकटवलं. ते प्रोग्रॅम शिकवत नसत, सांगत. शाळेत बाई शुद्धलेखन सांगायच्या तसा. "प्रिंट. कंस सुरू. एकेरी अवतरण. झालं का? अवतरण बंद. कंस बंद." आम्ही साठ जण माना खाली घालून लिहायचो. सत्र संपेपर्यंत डोळे मिटून प्रोग्रॅम लिहिता येईल अशी आमची तयारी झाली होती. तो चालतो का, हा प्रश्न अभ्यासक्रमात नव्हता.

अभ्यासक्रमात जर्नल होतं. लांबट वही, एक पान रेघांचं, एक कोरं. रेघांच्या पानावर पेनाने लिहायचं, कोऱ्या पानावर पेन्सिलने आकृत्या काढायच्या. हा नियम कुठे छापलेला नव्हता. सगळ्यांनी पाळायचा, एवढंच. पहिल्या पानावर 'प्रमाणित करण्यात येते की' असा मजकूर आणि खाली सरांच्या सहीची रिकामी ओळ. ती सही नसेल तर प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येत नव्हतं. परीक्षा हुकली की पुन्हा वर्षभराने. मी वर्षभर थांबते असं घरी सांगणं म्हणजे काय, ते मी इथे लिहीत नाही. एवढंच सांगते की मी बसमध्ये त्या रिकाम्या ओळीचा विचार करायचे.

जर्नल लिहायची रीतही ठरलेली होती. कॉलेजच्या फाटकासमोर झेरॉक्सचं दुकान आहे. कोणे एके काळी पहिल्या आलेल्या कुणा मुलाच्या जर्नलचा पूर्ण संच तिथे मिळतो. मूळ जर्नल सरांच्या कपाटात, प्लॅस्टिकच्या आवरणात. आम्ही झेरॉक्सवरून उतरवायचं आणि सर मूळ जर्नल शेजारी ठेवून उत्तरं ताडून बघणार. मधे कॉम्प्युटर येतच नाही. वीज गेली तरी काही अडायचं नाही, आणि बरेचदा ती गेलेलीच असायची.

चौथं प्रात्यक्षिक एका परदेशी फुलाच्या पाकळ्यांवर होतं. लांबीची सरासरी काढा. ते फूल आम्ही कुणी पाहिलेलं नव्हतं, सरांनीही नाही. फाटकाबाहेरून केळीचे ट्रक जायचे, कांद्याचे टेम्पो जायचे आणि आम्ही आत कुठल्याशा थंड देशातल्या फुलाच्या पाकळ्या सेंटिमीटरमध्ये मांडत होतो. झेरॉक्समध्ये नऊ फुलं होती आणि सरासरी होती ४.५.

दिवाळीनंतर एकदा एसटी वेळेच्या आधी पोचली आणि लॅबमध्ये माझ्याशिवाय कुणी नव्हतं. पहिल्यांदाच एक चालू कॉम्प्युटर सबंध माझा होता. मी चौथं प्रात्यक्षिक जर्नलमधून बघून एकेक अक्षर टाइप केलं. तीनदा चूक दाखवली, चौथ्यांदा चाललं. इतका आनंद झाला की उत्तर वाचायला वेळ लागला. पडद्यावर ४.३ होतं.

माझंच काही चुकलं असणार, हे मी लगेच मान्य केलं. पुन्हा टाइप केलं. ४.३. दुसऱ्या कॉम्प्युटरवर गेले. ४.३. शेवटी मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर बेरीज केली. अडतीस पूर्णांक सात, भागिले नऊ. ४.३. मग मात्र मला भीती वाटली. सगळी यंत्रं माझ्या बाजूने आणि सगळी माणसं पलीकडे, अशी वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

माझ्याबरोबर साक्रीहून येणारी एक मैत्रीण आहे. तिला सांगितलं. ती म्हणाली, "तुला कुणी चालवायला सांगितलं होतं?"

तरीही मी जर्नलमध्ये ४.३ लिहिलं आणि तपासायला दिलं. परत आलं तेव्हा त्यावर लाल फुली होती आणि शेजारी 'पुन्हा करा'. सही शनिवारपर्यंतच मिळणार होती.

बसमध्ये मी एक वाक्य पाठ केलं होतं, 'सर, मला एक शंका आहे.' घरी आम्ही अहिराणी बोलतो, त्यामुळे सरांशी बोलायची वाक्यं मी आधी तयार करून ठेवायचे. दुसऱ्या दिवशी ते म्हटलं. पुढे म्हटलं की मशीनवर असंच येतं.

"मशीनचं सोड," सर म्हणाले. "जर्नल बघ."

मागून कुणीतरी मला शास्त्रज्ञबाई म्हणालं आणि लॅब हसली. सरांनी हसण्याला हरकत घेतली नाही. साठातल्या एकोणसाठ जणांचं ४.५ आलंय, तुझं एकटीचंच वेगळं कसं, असं त्यांनी मला समजावून विचारलं. मला वाटतं त्यांना खरंच तसं वाटत होतं. डेटा अ‍ॅनालिसिसच्या वर्गात सरासरी हात वर करून ठरत होती आणि मी अल्पमतात होते.

त्या संध्याकाळी मी शाई खोडायचा खोडरबर घेऊन बसले. तीनच्या जागी पाच करायचा, इतकंच काम. माझी आई गावच्या अंगणवाडीत मदतनीस आहे. दर महिन्याला पोरांना वजनकाट्यावर धरायचं काम तिचं, लिहायचं काम अंगणवाडीच्या बाईंचं. आईला सहीपुरतं लिहिता येतं. मी का थांबले, ते तिने विचारलं. मी फूल, पाकळी, सरासरी असं बरंच सांगितलं. तिने त्यातलं आपल्या कामाचं तेवढं उचललं.

"जे तोलं नही, ते लिखानं नही," ती म्हणाली आणि भाकरी थापायला गेली. पोर काट्यावर रडायला लागलं की मागच्या महिन्याचाच आकडा लिहून टाकू, असं म्हणणाऱ्यांना ती हेच सांगते. मला तो उपदेश नव्हता, तिच्या कामाची पद्धत होती ती. मी मात्र अडकले. खोडरबर ठेवून दिला.

शनिवारी जर्नल तसंच घेऊन गेले. मी सरांना म्हटलं की एकदा तुमच्यासमोर चालवून दाखवते, नाही आलं तर लगेच खोडते. सरांनी घड्याळ बघितलं, जर्नलांचा ढीग बघितला आणि लवकर सुटका होईल म्हणून हो म्हटलं. ४.३ आलं. हे मशीन जुनं आहे, सर म्हणाले. दुसऱ्यावर करून दाखवलं. तिथेही तेच आलं. तिसऱ्याचं आवरण ते स्वतः काढायला गेले आणि मधेच थांबले. मग त्यांनी कपाट उघडलं आणि प्लॅस्टिकमधलं मूळ जर्नल काढलं.

रेघांच्या पानावर नऊ फुलं होती. पान तिथेच संपलं होतं. सरांनी पान उलटलं. मागच्या कोऱ्या बाजूला, अगदी वर, फिकट पेन्सिलने दहावं फूल लिहिलेलं होतं. ६.३. त्या हुशार मुलाला जागा पुरली नव्हती आणि कोऱ्या पानावर पेन्सिल हा नियम त्याने पाळला होता. पेन्सिल झेरॉक्सला दिसली नाही, दुकानदाराने पान कोरं समजून गाळलं आणि तेव्हापासून आमचं अख्खं कॉलेज नऊ फुलांखाली दहा फुलांची सरासरी लिहीत आलं होतं.

सरांनी पान पुन्हा उलटून नऊ ओळी बोटाने मोजल्या. मला त्यांची दया आली. तासिका तत्त्वावरच्या माणसाने इतक्या वर्षांच्या सह्यांचं काय करायचं? पण ते सावरले.

"म्हणजे तुझा डेटाच अपुरा होता," ते म्हणाले. "तरी म्हटलं, ४.३ कसं येईल."

मी हो म्हटलं. खरं होतं ते. मी तिथेच, त्यांच्या टेबलाच्या कोपऱ्यावर, नवव्या ओळीखाली दहावी ओळ दाटीवाटीने बसवली, ४.३ खोडून ४.५ केलं आणि कोर्समधलं पहिलं जुळणारं जर्नल तयार झालं. बाकीच्या एकोणसाठांचं काय, असं मी विचारलं. सर म्हणाले, त्यांची उत्तरं बरोबर आहेत ना.

सही मिळाली. जर्नलला दहापैकी सात गुण पडले. शेवटच्या पानावर शेरा होता, 'खाडाखोड टाळावी.' माझ्या मैत्रिणीला नऊ पडले. तिच्या जर्नलमध्ये अजून नऊच फुलं आहेत आणि ती खूप सुबक आहेत.

घरी जाताना फाटकासमोरच्या दुकानात माझं जर्नल दाखवलं. पुढच्या मुलांना यातून झेरॉक्स द्या म्हटलं. दुकानदाराने चौथं प्रात्यक्षिक उघडून लाल फुली पाहिली, गिचमीड दहावी ओळ पाहिली आणि वही परत दिली. जुनीच बरी, म्हणाला, स्वच्छ येते.

आईला मी सही दाखवली. तिने त्यावरून बोट फिरवलं. मग पानं उलटत चौथ्या प्रात्यक्षिकावर आली. तिला आकडे कळत नव्हते, लाल रंग कळत होता.

"चूक कोनी व्हती?" तिने विचारलं.

"बठ्ठास्नी," मी म्हटलं. सगळ्यांचीच.

"मंग तुनीच वहीमा लाल काब्र?"

सरांसाठी वाक्यं तयार करायची सवय होती मला, तिच्यासाठी कधी लागली नव्हती. मी जर्नल तिच्या हातातून घेतलं आणि दप्तरात ठेवलं, कारण सोमवारी परीक्षा होती.