बिनयुरियाचा पट्टा

माझी मुलगी काय काम करते, हे मला दोन वाक्यांत सांगता येत नाही. मी दारव्ह्याला एका जिनिंगच्या वजनकाट्यावर बसतो. कापूस घेऊन येणारा जवळपास प्रत्येक माणूस ओळखीचा असतो आणि पावती हातात पडेपर्यंत विचारतो, "पोरगी लागली का कुठी?" लागली म्हणावं तर पुढचा प्रश्न तयार, "परमनंट?" नाही म्हणावं तर तो मान हलवून ट्रॅक्टर चालू करतो. मग दिवसभर मला वाटत राहतं, की आपण चुकीचं उत्तर दिलं. बरोबर उत्तर कोणतं, ते मात्र मला माहीत नसतं.

तिने पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि एका संशोधन संस्थेच्या प्रकल्पात तिची निवड झाली. आधी ती सहायक होती. पुढे पदाचं नाव बदललं, काम तेच राहिलं. महिन्याला जे मिळतं त्याला पगार म्हणायचं नाही, मानधन म्हणायचं. प्रकल्प संपला की पदही संपलं. मी तिला विचारलं होतं, "म्हणजे मुदत कामाला आहे, की तुला?"

"दोघांना, बाबा," ती म्हणाली आणि हसली. यात हसण्यासारखं काय होतं, ते मला तेव्हाही कळलं नाही.

कामाचं तिने सांगितलं ते असं. आपण शेतात युरिया टाकतो, त्यातला काही भाग वायू होऊन हवेत जातो. नायट्रस ऑक्साइड त्याचं नाव. तो दिसत नाही, त्याचा वास येत नाही, आणि निघतोही अगदी थोडा. पण हवा तापवायला तो थोडाही पुष्कळ होतो. तो किती निघतो, हे तिने मोजायचं. जे दिसत नाही, हुंगता येत नाही आणि फारसं नाहीही, ते मोजण्याची नोकरी. काट्यावर मी हे कोणाला सांगणार?

यासाठी तिला शेतकऱ्याचं शेत हवं होतं. ज्याने देतो म्हटलं होतं, तो पेरणीच्या तोंडावर फिरला. मग तिने तिच्या काकाला विचारलं. माझा हा धाकटा भाऊ आमचं सगळं वावर वाहतो. बोरी अरबच्या रस्त्याला लागूनच ते आहे. त्याने रस्त्याकडच्या धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून, दोन पट्टे आखून दिले. एका पट्ट्यातल्या पराटीला, म्हणजे कपाशीला, नेहमीसारखा युरिया द्यायचा. दुसऱ्याला अजिबात नाही.

बिनयुरियाचा पट्टा कशाला, हे मात्र मला लगेच समजलं. कापसाची ट्रॉली मी आधी भरलेली तोलतो, मग रिकामी. रिकाम्या ट्रॉलीचं वजन नसेल तर आत कापूस किती होता, हे कोणी सांगू शकत नाही. जमिनीतून मुळातच थोडा वायू निघतो. तो वजा केल्याशिवाय युरियाचा किती, हे कळणार नाही. मी हे बोलून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "बाबा, आमच्या प्रकल्पाच्या मॅडमनी यासाठी पूर्ण तास घेतला होता." तिच्या कामातलं मला जे काही समजलं, ते एवढंच.

दोन्ही पट्ट्यांत तिने जमिनीत लोखंडी गोल कडी बसवली. सकाळी त्यांच्यावर पारदर्शक डबा बसवायचा, ठरलेल्या वेळाने सुईने आतली हवा ओढायची, ती काचेच्या लहान नळीत भरायची, नळीवर चिठ्ठी चिकटवायची. नळ्या संस्थेत यंत्राकडे जायच्या. रस्त्याने जाणारे गाडी थांबवून बघत. आमचा शेजारी धुऱ्यावरून ओरडला, "झाडाले सलाइन लावून राह्यली का वो बाई?"

"सलाइन नाही, रक्त काढून राह्यली," माझा भाऊ म्हणाला. त्याला मजा येत होती.

पोळ्याच्या सुमारास तिने घरात सांगितलं, की तिच्यासारखे प्रकल्पात दोघं आहेत आणि पुढच्या वर्षी एकच पद राहणार आहे. हिवाळ्यात आढावा होईल. ज्याचं काम चांगलं ठरेल तो राहील. तेव्हा भाऊ समोरच बसला होता. त्याने विचारलं, "म्हणजे तुह्यं सगळं या वावरावर हाये?"

"बरंचसं," ती म्हणाली.

त्यानंतर बिनयुरियाच्या पट्ट्यावर लाल्या आला. पानं आधी कडेने, मग आतपर्यंत लाल पडली. शेजारचा पट्टा हिरवागार, हा करपल्यासारखा, आणि हा नेमका रस्त्याकडे. फाट्यावरच्या हॉटेलात भावाला चहा गोड लागेना. "शास्त्रज्ञ घरात अन् लाल्या वावरात," असं कोणीतरी म्हणालं. दुसऱ्याने जोडलं, "तिले इच्यारा ना, आपल्याबी वावरात असाच प्रयोग करून देते का!" तो माझ्याकडे काट्यावर आला आणि चहाही न घेता परत गेला. मला वाटलं, अपमान गिळतो आहे.

दिवाळीला मुलगी घरी आली ती चेहरा पाडून. लॅपटॉप उघडून तिने मला आलेख दाखवला. बिनयुरियाच्या पट्ट्याची रेघ कितीतरी आठवडे तळाशी सरळ होती, मग एकदम वर चढली होती. जवळजवळ युरियाच्या पट्ट्याइतकी.

"म्हणजे काय झालं?" मी विचारलं.

"मॅडम म्हणतात, माझ्याकडून नळ्यांची अदलाबदल झाली. चिठ्ठ्या चुकल्या."

"चुकल्या का?"

"नाही." मग आलेख पुन्हा खालीवर करून म्हणाली, "नसाव्यात. आता मलाच खात्री राहिली नाही, बाबा."

आढाव्यात हीच रेघ सगळ्यांसमोर येणार होती. निष्काळजी मुलीला कोण ठेवणार? माझ्या काट्यावर आकडा चुकला तर ट्रॉली पुन्हा आणता येते. गेल्या महिन्यातली हवा पुन्हा कुठून आणायची?

पाडव्याला भाऊ जेवायला आला. बायको वाढत होती. मुलगी पानातलं नुसतं चिवडत होती, हे त्याने पाहिलं.

"काय झालं माय? साहेब रागावले का?"

"मॅडम. हो, थोड्या."

"पराटी पाहून?" त्याचा घास हातातच राहिला. "आता कायले रागावते? आता त सुधारली ना थे! म्या टाकला ना युरिया."

मुलीने मान वर केली. "कुठे टाकला, काका?"

"लालवाल्या पट्ट्यात. म्हनलं, पाव्हण्यासारखे तुहे साहेब येतीन, अन् लाल पराटी पाहतीन, त म्हणतीन, हिले शेतीच जमत नाही, काढा हिले. मी होतो म्हणून वाचली तुही पराटी."

बायकोच्या हातातली पळी वरच्या वर थांबली. मी भावाकडे बघत राहिलो. त्याने ते अपमान झाला म्हणून केलं नव्हतं. पीक मरतं म्हणजे प्रयोग मरतो, आणि प्रयोग मेला की पोरीची नोकरी जाते, असा त्याचा साधा हिशेब होता. आयुष्यभर त्याने एवढंच पाहिलं आहे, की चांगल्या कामाची पराटी हिरवी असते.

"कधी टाकलात?" मुलीने विचारलं. ती रागावली नव्हती. आवाज घाईचा होता.

"बाजाराच्या आदल्या दिशी. दुसऱ्या दिशी झड लागली होती पाहा, मी छत्री हॉटेलात इसरून आलतो."

ती हात न धुताच उठली. डाव्या हाताने लॅपटॉप उघडून पडद्यावर बोट ठेवलं. रेघ चढायला सुरुवात झाली होती ती त्याच झडीच्या नंतर. "बाबा," ती म्हणाली, "नळ्या बरोबर होत्या." आणि रडायला लागली, हसतही होती. मला वाटलं, आता सर्वनाश झाला हे तिच्या लक्षात आलं असेल. पण तसं दिसत नव्हतं.

भाऊ पडद्यात वाकून बघत होता. "म्हणजे म्या टाकलेलं त्या डब्यानं धरलं? कोणाले सांगतलं नाही तरी?"

"धरलं, काका."

त्याने ताट पुढे सरकवलं. "मंग म्या तुले बुडवलं."

आता काय करायचं, यावर घरात तीन मतं झाली. बायको म्हणाली, काही सांगू नका, घरचं वावर घेतलं म्हणून उलट हिलाच बोलतील. भाऊ म्हणाला, मले बोलू द्या. मी दोन्ही बाजू मनात तोलून पाहिल्या. गप्प राहिली तर निष्काळजी ठरते. सांगितलं तर चुलत्याच्या शेतावर लक्ष ठेवता आलं नाही, असं ठरतं. कोणता दोष हलका, हे मला ठरवता आलं नाही. मुलीने तोवर फोन लावलाही होता.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि काकांकडे फोन दे म्हणाल्या. फोन स्पीकरवर होता.

"नमस्कार मॅडम. पोट्टीची काही चूक नाही. म्या टाकला युरिया."

"पण का टाकलात? तिने सांगितलं होतं ना?"

"सांगतलं होतं. पण तुमी तिले काढसान म्हणून टाकला."

मग मॅडम म्हणाल्या, "तिचं मोजमाप चोख आहे. पण हे शेत आता बाद धरावं लागेल." ही शाबासकी होती की शिक्षा, हे मी बायकोला विचारलं. तिने ते मलाच विचारलं.

आढावा झाला. वर्षाचं पद दुसऱ्या मुलाला मिळालं. त्याच्याकडे अख्ख्या हंगामाची मोजणी होती. आमच्या मुलीला मार्चपर्यंत ठेवलं, उरलेलं लिखाण पुरं करायला. मॅडमनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं, हे तिने दोनदा सांगितलं. पद गेल्याचं एकदाच.

परवाच्या रविवारी आम्ही कडी काढायला वावरात गेलो. वेचणी होत आली होती. भाऊ पहारीने माती सैल करत होता, ती कडी उपसून पाण्याच्या टाकीजवळ नेऊन धूत होती. शेजारी धुऱ्यावर आला. "काय वो बाई, संपली का नोकरी?"

"मार्चपर्यंत आहे, दादा."

"मंग पुढं?"

"बघू. दोन-तीन ठिकाणी अर्ज केले आहेत. एक तर भाताच्या शेतावरचं आहे, लांब कोकणात."

"तिथं कोणता काका हाये तुह्या?" शेजारी म्हणाला. ती मोठ्याने हसली. भाऊ हसला नाही, खाली बघून पहार मारत राहिला.

मी धुतलेली कडी उचलून गाडीत ठेवत होतो. जिचं पद गेलं ती हसते, ज्याने चांगल्यासाठी केलं तो मान वर करत नाही, आणि ज्याने काहीच केलं नाही असा मी मधे उभा. कोणाची समजूत घालायची, हेही मला उमगेना. ती शेवटचं कडं घेऊन भावाजवळ गेली आणि त्याच्या शेजारी मातीत बसली.

"काका, कोकणात आले तर पाहायला याल?"

"येईन," तो म्हणाला. "पण वावरात पाय नाही ठेवणार."